पुढची मालिका कोणती? मराठवाड्यातल्या नाणेसंग्राहकासाठी वाटाड्या

पहिली मालिका कुणी ठरवून निवडत नाही, ती आपसूक गोळा होते. आजोबांच्या ट्रंकेतले ढब्बू आणि भोकाचे पैसे, आईच्या डब्यातली दहा-वीस पैशांची चिल्लर, किराणा दुकानातून सुट्ट्यात हाती आलेलं एखादं वेगळं दोन रुपयांचं नाणं, असं साठत जातं. खरा प्रश्न दुसऱ्या मालिकेचा असतो. तिथून पुढे खिशातला पैसा जाणार असतो आणि वेळही. बहुतेक संग्रह इथेच विस्कटतात. एक शिवराई, दोन व्हिक्टोरिया, एखादं शिशाचं सातवाहन, नातेवाइकाने आणलेले चार दिरहम. एकेक नाणं चांगलं असतं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो, आणि दोन वर्षांनी डब्याकडे बघावंसंही वाटत नाही.

माझं मत ठाम आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याने पुढची मालिका आपल्या भागात प्रत्यक्ष चललेल्या नाण्यांतून निवडावी, आणि पहिलं नाणं विकत घ्यायच्या आधी तिची हद्द कागदावर लिहून काढावी. हे दोन्ही कसं करायचं ते खाली सांगतो.

आधी जवळचं मांडा

असेल नसेल ते सगळं एका पांढऱ्या कापडावर काढा. देशाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे नको, आधी नुसते ढीग करा: कोणती नाणी तुम्ही पुन्हा पुन्हा उचलून बघता आणि कोणती वर्षभर हातात घेतलेली नाहीत. आपला ओढा कुठे आहे ते यातून दहा मिनिटांत कळतं. कुणाला रिकामा चौकोन भरण्यात आनंद असतो, त्याला साल-टांकसाळीची मालिका हवी. कुणाला अक्षरं लावत बसायला आवडतं, त्याच्यासाठी फारसी किंवा मोडकी देवनागरी असलेली जुनी नाणी. कुणी चित्राकडे बघतो. तिघांची वाट वेगळी आहे आणि एकाच्या सल्ल्यावर दुसऱ्याने चालू नये.

याच वेळी भिंग घेऊन स्वतंत्र भारताची नाणी सालाखाली तपासा. हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. ही चार चिन्हं डोळ्यांत बसली नसतील तर नवीन मालिका इतक्यात नकोच. महिनाभर चिल्लर बघा, डोळा तयार होतो. सरावाला एक नाणं सुचवतो: १९८५ चा एक रुपया. त्या साली आपल्या टांकसाळींना काम पुरं पडेना म्हणून काही रुपये इंग्लंड आणि वेल्समध्ये पाडून घेतले. सालाजवळ इंग्रजी 'एच' दिसलं तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं, आणि सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा असेल तर ते वेल्समधल्या लँट्रिसंटचं. मुंबईचा हिरा सालाच्या मधोमध खाली असतो. एवढा बारीक फरक नुसत्या डोळ्याला दिसू लागला की तुम्ही तयार आहात.

मालिकेला विचारायचे प्रश्न

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न: ही नाणी मला हातात घेऊन बघायला कुठे मिळतील? फोटोवरून नाणं शिकता येत नाही. वजन, कडेची धार, झीज, धातूचा रंग हे बोटांनीच कळतं. इंदूर किंवा कोलकात्याच्या बाजूला भरपूर निघणारी संस्थानी नाणी तुम्हाला कितीही आवडली, तरी लातूर-परभणीत बसून ती तुम्ही पार्सलनेच मागवणार, आणि चूक कळायला पार्सल फोडावं लागणार. उलट जी नाणी आपल्या आजी-पणजीच्या व्यवहारात होती, ती अजून घराघरांतून निघतात. संभाजीनगरच्या शहागंज-सराफ्यात, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत जुन्या सराफाला विचारा, त्याच्या कपाटात एखादी थैली असतेच. शंभर खरी नाणी हाताखालून गेली की एकशे एकावं खोटं असेल तर हात थांबतो.

दुसरा प्रश्न वाचनाचा. नाण्यावर काय लिहिलंय ते मला लावता येतं का, नसेल तर सहा महिन्यांत शिकता येईल का? याला मराठवाड्यात एक मोठी सोय आहे. उर्दू वाचणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. गल्लीतले निवृत्त मास्तर असतील, कचेरीतले जुने दस्त वाचून देणारे असतील. "चाचा, एवढं वाचून द्या," म्हटलं तर नाणं बाजूला ठेवून चहा सांगणारी माणसं आहेत ही. दुसऱ्या भागातल्या संग्राहकाला पुस्तकातल्या तक्त्यावर अडून बसावं लागतं, ते तुम्हाला शेजारी मिळतं.

तिसरं, खोटं किती आहे आणि ओळखण्याची साधी खूण काय. चौथं, मालिका संपते का? ज्या मालिकेला शेवट नाही तिथे काय मिळवलं आणि काय राहिलं हेच कळत नाही. पाचवं खिशाचं: मालिकेतलं सगळ्यात महाग नाणं घ्यायला मला किती महिने पैसे बाजूला टाकावे लागतील? वर्षभर टाकूनही जमणार नसेल तर हद्द लहान करा किंवा मालिका बदला.

आपल्या भागातले पर्याय

सातवाहनांपासून सुरुवात करावी असं पैठण, तेर, भोकरदन ही नावं ऐकून प्रत्येकाला वाटतं. शिसं, पोटीन (तांबं, शिसं, कथील यांची मिश्रधातू), तांबं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. ब्राह्मी अक्षरात राजाचं आणि त्याच्या आईचं नाव. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी होती आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. एक राज्य जाऊन दुसरं आलं, हे नाण्यावरच उमटलेलं. हे वाचून अंगावर रोमांच येतात, माझ्याही येतात. तरीही दुसरी मालिका म्हणून सातवाहन नको. शिसं आणि पोटीन नीट न ठेवलं तर खराब होतं, अक्षरं बहुधा नाण्याबाहेर गेलेली असतात, नकली माल मुबलक आहे. आणि कायद्याची बाजू आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "काल नदीपात्रात सापडलं" म्हणून कुणी मूठभर नाणी पुढे केली तर हात मागे घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवताही येत नाही, १९७२ चा पुरावशेष कायदा ते रोखतो. सातवाहन बघायचे तर तेरच्या लामतुरे संग्रहालयात जा, पैठणच्या संग्रहालयात जा. तिथे मनसोक्त बघा आणि टिपणं काढा.

यादवांचा सोन्याचा पद्मटंक, मधोमध कमळ आणि भोवती ठसे, याची मालिका सामान्य खिशाला झेपणारी नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं आणि पाठोपाठ १३२९-३० पासून चांदीच्या टंक्याच्या किमतीचे पितळ-तांब्याचे टंके चलनात आणले. त्यातले काही दौलताबादलाच पडले. लोकांनी घरोघरी नकला पाडल्या आणि योजना बुडाली. दौलताबादचं नाव स्वच्छ दिसणारा असा एक टंका संग्रहात जरूर असावा. पण ते एक नाणं झालं, मालिका नव्हे. अहमदनगरच्या निजामशाहीचे तांब्याचे फलूस आणि औरंगाबादला 'खुजिस्ता बुनियाद' या नावाने पडलेले मुघल रुपये हा तिसऱ्या-चौथ्या मालिकेचा माल आहे, फारसी थोडी पक्की झाल्यावर.

शिवराई मात्र दुसरी मालिका होऊ शकते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', लिपी आपली, किंमत आवाक्यातली. हे नाणं महाराजांनंतरही दीड-दोनशे वर्षं ठिकठिकाणी पडत राहिलं. त्यामुळे शिव, शीव, सिव, पति, पती, पत असे लेखनाचे कितीतरी प्रकार मिळतात आणि लेखनाच्या प्रकारांवर मालिका बांधता येते. विक्रेता प्रत्येक शिवराई "महाराजांच्या काळातली" म्हणून सांगतो. बाजारातल्या बहुतेक शिवराया पेशवाईतल्या आहेत, तेवढं ध्यानात ठेवून भाव करा. सोन्याचा शिवराई होन कुणी स्वस्तात देत असेल तर विचार करायचं कारणच नाही, तो खोटा आहे.

कलदारात, म्हणजे इंग्रज सरकारच्या नाण्यांत, मला सहाव्या जॉर्जची शेवटची दहा वर्षं फार आवडतात. दुसऱ्या महायुद्धाने धातूंची टंचाई केली आणि ती नाण्यांवर जशीच्या तशी दिसते. आधीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून निम्मी झाली, १९४६-४७ मध्ये चांदी गेली आणि मागे वाघ असलेला निकेलचा रुपया आला. तांबं वाचवायला १९४३ मध्ये पैशाला मधोमध भोक पडलं. १९४२ ते १९४५ मध्ये आणे पिवळ्या निकेल-पितळेचे झाले. लाहोरची टांकसाळ याच काळातली. १९४७ ला मालिका संपते, ती पूर्ण करता येते आणि खर्च बेताचा. निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही, ही परीक्षा पोरंसुद्धा करतात.

स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांत विषय धरून मालिका करता येते. १९९२ पासून अकरा बाजूंचं तांबं-निकेलचं दोन रुपयांचं नाणं आलं, त्या आकारातली स्मारकं घ्या: सरदार पटेल, सुभाषबाबू, चित्तरंजन दास, अरविंद, १९९९ चे शिवछत्रपती, २००३ ची रेल्वेची दीडशे वर्षं. किंवा आपल्या मातीची माणसं घ्या. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांचा १९९९ चा एक रुपया, बाबासाहेबांचा १९९० चा, तुकोबांचे २००२ चे दोन रुपये, बसवेश्वरांचे २००६ चे पाच रुपये. खर्च जवळजवळ नाही, शाळकरी मुलांना ही मालिका द्यावी. टांकसाळ थेट विकते त्या शंभर, पाचशे रुपयांच्या डबीबंद सेटांच्या मागे मात्र लागू नका. ते व्यवहारात कधी फिरलेच नाहीत आणि पुन्हा विकताना बऱ्याचदा घेतलेले पैसेही निघत नाहीत.

आणि आता हाली

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मराठवाड्यातल्या संग्राहकाला मी हीच मालिका सांगतो.

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही तो काही वर्षं चालला. सात हालीला सहा कलदार असा दर होता, म्हणजे शंभर कलदाराला हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला विचारलं तर हा हिशोब तोंडपाठ असल्याचं आजही आढळतं. नाण्यासोबत असं ऐकायला मिळणं ही या मालिकेची खरी श्रीमंती आहे, आणि ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. म्हणून ती आत्ता हातात घ्या.

आता एक रुपया जवळून बघू. मधोमध चारमिनार. चारमिनारची नाणी १३२१ हिजरी, म्हणजे १९०३ च्या सुमाराला, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात सुरू झाली. मधल्या कमानीत एक अक्षर आहे, तिथे भिंग धरा. लहान गोल डोकं आणि खाली शेपूट असेल तर ते 'मीम', महबूब यांचं. वर उघडा आकडा आणि खाली मोठं पोट असेल तर 'ऐन', उस्मान अली खान यांचं. महबूब यांचं निधन ऑगस्ट १९११ मध्ये झालं, तेव्हा १३२९ हिजरी चालू होतं. त्यामुळे १३२९ सालाची नाणी दोघांचीही आहेत आणि फरक फक्त त्या कमानीतल्या अक्षरात दिसतो. विकणाऱ्याच्या हे बहुधा लक्षात नसतं.

मग साल. आकडे फारसी आहेत आणि एका संध्याकाळी शिकता येतात. एक म्हणजे उभी रेघ, दोन आणि तीन म्हणजे त्याच रेघेच्या डोक्याला एक-दोन दाते, पाच म्हणजे उलटं बदाम, सात म्हणजे वर उघडी फाक, आठ म्हणजे तीच फाक उलटी, शून्य म्हणजे नुसतं टिंब. नऊ आपल्या इंग्रजी नऊसारखा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळजवळ मिळतो: १३३७ ला गुणून १२९७, त्यात ६२२, म्हणजे १९१८-१९. नाण्यावर कुठे नुसतं ९२ दिसलं तर ते साल समजू नका. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो, 'मुहम्मद' या नावातल्या अक्षरांची तशी होणारी ती बेरीज आहे.

नाणं उलटा. मधे किंमत, 'यक रुपिया', आणि भोवती राज्यवर्ष (राजा गादीवर आल्यापासूनचं वर्ष) आणि टांकसाळ: 'जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद'. राज्यवर्षाचा उपयोग पडताळ्याला होतो. उस्मान अली खान यांच्या नाण्यावर हिजरी सालातून १३२९ वजा करा. जो आकडा येईल तोच किंवा त्याहून एक जास्त असं राज्यवर्ष मागे असायला हवं. १३३७ च्या रुपयावर आठ किंवा नऊ. भलताच आकडा असेल तर नाणं ठेवा आणि विचार करा.

शेवटी काटा. शंभर-दीडशे रुपयांचा नव्हे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा जरा बरा काटा घ्या. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, कलदार ११.६६ चा. वापरून झिजलेल्या नाण्यात थोडा उणेपणा चालतो, पण ठसठशीत दिसणारा रुपया दहा ग्रॅम भरला तर तो पांढऱ्या धातूचा ओतीव तुकडा आहे. हालीत चांदी ८१.८ टक्के, म्हणजे एका रुपयात सुमारे ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी, जुन्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम. दुकानात जायच्या आधी त्या दिवशीचा चांदीचा भाव बघून हे गुणून ठेवा. सामान्य सालाच्या रुपयाची तळची किंमत तीच. सराफ त्याच्यावर किती मागतो हे बघून तो नाणं विकतोय की चांदी विकतोय ते तुम्हाला कळतं.

आपल्याकडे एक अडचण ठरलेली. चांदीची नाणी इथे दागिन्यात गेली. माळेत ओवली, बंजारा तांड्यांवर पोशाखाला शिवली, देव्हाऱ्यात घासून घासून गुळगुळीत झाली. नाण्याच्या वरच्या कडेवर, बरोबर बाराच्या ठिकाणी, अंगठा फिरवा. कडी झाळलेली काढून टाकली असेल तर तिथे बारीक उंचवटा किंवा कानसीचा सपाट घास लागतो. भोक पाडून बुजवलं असेल तर त्या जागेचा रंग वेगळा दिसतो. अशी नाणी संग्रहात नकोत, भाव कितीही पडता असो. पण घरातल्या आजीची माळ असेल तर ती तशीच राहू द्या. तिची नाणी सोडवून अल्बममध्ये लावायला जाऊ नका, तो दागिना आहे आणि तसाच त्याचा मान आहे.

दर्शनी किमती किती? उस्मान अली खान यांच्या काळात पै, दोन पै, अर्धा आणा, एक आणा, मग चांदीत दोन, चार, आठ आणे आणि रुपया. दोन पै आधी सलग होते, नंतर कलदारी पैशासारखं त्यांनाही मधे भोक आलं. आणा आधी गोल, मग चौकोनी झाला. अखेरच्या वर्षांत दोन, चार, आठ आण्यांत निकेल आलं. पै-आण्याच्या नाण्यांवर चारमिनार नाही, तुघरा (नावाची गुंफलेली नक्षीदार अक्षरं) आहे, तो वाचायला चाचांची मदत लागेल. प्रकार धरून गेलं तर साधारण बारा-पंधरा नाण्यांत मालिका बसते आणि त्यातली निम्मी फारच स्वस्त आहेत. सोन्याच्या अशरफ्या बाजूला ठेवा.

हद्द कागदावर

इथे बहुतेक जण घाई करतात. आधी लिहा, मग घ्या. माझ्या वहीत हालीची हद्द अशी आहे, तुम्ही तुमची करा:

"मीर उस्मान अली खान, १३२९ ते १३६८ हिजरी. प्रत्येक किमतीचा, आकाराचा आणि धातूचा एक नमुना. साल कोणतंही, पण वाचता येणारं. सोनं नाही. कडी लावलेलं, भोक पाडलेलं, घासून चकचकीत केलेलं नाही. ठरवलेल्या महिन्याच्या रकमेपलीकडे नाही."

चार ओळींत तीन निर्णय झाले. प्रकार घ्यायचे की प्रत्येक साल घ्यायचं, हा पहिला. प्रकाराची मालिका वर्ष-दोन वर्षांत होते. प्रत्येक सालाची मालिका दहा वर्षं चालू शकते आणि तिच्यात एखाद-दोन सालं अडून बसतात. नवीन माणसाने प्रकारापासून सुरुवात करावी, नंतर एखादी किंमत आवडली, समजा एक आणा, तर तेवढ्याच किमतीची सगळी सालं लावावीत. दुसरा निर्णय दर्जाचा. 'मिळेल ते' हा दर्जा नव्हे. तिसरा पैशाचा, आणि तो घरात सांगून करावा.

हद्दीबाहेरचं सुंदर नाणं समोर येणारच. ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. वर्षभरात तेच नाव तीन-चारदा लिहिलं गेलं तर पुढची मालिका तिथे आहे.

तीन नाण्यांची परीक्षा

मालिका ठरली तरी एकदम थैली उचलू नका. त्यातली तीन नाणी घ्या: एक अगदी स्वस्त आणि झिजलेलं, एक मध्यम, एक वाचायला अवघड. महिनाभर हाताशी ठेवा. साल लावा, वजन करा, चित्राचा प्रत्येक भाग वहीत काढा, घरातल्या थोरांना दाखवा. महिन्याअखेर आणखी जाणून घ्यावंसं वाटत असेल तर मालिका तुमची. कंटाळा आला असेल तर नुकसान तीन नाण्यांचं, आणि तीही विकता येतात.

सवड काढून एकदा हैदराबादला जा. सैफाबादची जुनी टांकसाळ १९०३ ची आहे, चारमिनारची नाणी सुरू झाली तेव्हाचीच. २०२२ पासून तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. नांदेडहून रात्रीची गाडी धरली तर दिवसभरात बघून होतं. सखोल अभ्यास करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे.

घेताना

सराफाकडे गेलात तर आधी सांगा की तुम्हाला वितळवायची मोड नको, नाणं हवंय, आणि थैलीतून निवडून घेणार. "मामा, हालीत काय आहे, जरा बघू द्या," एवढं पुरतं. निवडीला चार पैसे जास्त मागतील, द्या. पावती मागा. ती विकताना कामाला येते आणि नाणं कुठून आलं याची नोंद राहते. ऑनलाइन घेणार असाल तर आधी मोठ्या लिलावांत तसं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. कुणी मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे.

जत्रांतली दुकानं टाळा. माळेगाव असो की नाथषष्ठी, तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने हनुमान, राम दरबार असलेली 'अर्धा आणा' विकतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. पूजेच्या टोकनांचे हे तुकडे आहेत. तसंच "वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो मिळवा" अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. आधी नोंदणी शुल्क भरा म्हणतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. असलं काही आलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगा, यात फसणारे बहुतेक म्हातारे असतात.

ठेवताना थोडक्यात एवढंच. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट नाण्याला लावू नका. चांदीवरचा काळसर थर तिचं रक्षण करतो आणि तो गेला की किंमतही जाते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांनी तांब्याला हिरवट चिकट थर येतो, त्यापेक्षा पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रत्येक होल्डरवर साल, वजन, कुठून आणि कितीला घेतलं ते पेन्सिलने लिहा. नाणं घरातून मिळालं असेल तर कुणाचं होतं तेही लिहा.

क्रम लावताना एक गोष्ट पाळा. सोपी नाणी भराभर भरून अवघड शेवटाला ठेवू नका. पहिल्या तीन-चार नाण्यांनंतर मालिकेतलं सगळ्यात अवघड नाणं शोधायला लागा. हालीत चांगल्या स्थितीतले चांदीचे दोन आणे मला बराच काळ सापडत नव्हते. एवढं लहान नाणं दागिन्यात गेलं, हरवलं, वितळलं. ते लवकर मिळालं तर उरलेली मालिका सहज पुरी होते. वर्षभर शोधूनही सापडलं नाही तर हद्द थोडी बदलून घेता येते, आणि तोवर त्यावर फारसा पैसाही गेलेला नसतो.

दुबार नाणी साठवू नका. मालिका निम्मी झाली की जास्तीची नाणी दुसऱ्या संग्राहकाला द्या, बदल्यात तुमच्या यादीतलं एखादं मागा. आपल्या भागात हालीची देवाणघेवाण अजून अशीच चालते, पैशाशिवाय, आणि चांगली नाणी बऱ्याचदा दुकानात यायच्या आधी अशाच वाटेने हातात येतात.